सोबतीचं कार्ड

१

मृताच्या उजव्या मांडीवर, जखमेच्या अकरा सेंटिमीटर वर, एक खोबण होती. रुंदी चार मिलिमीटर. मांडीभोवती ती सगळीकडे सारखी खोल होती. फक्त बाहेरच्या अंगाला, जिथे गाठ बसते तिथे, वाटाण्याएवढा खळगा होता. लेटा होल्मग्रेनने पट्टी उचलली, पुन्हा लावली. चारच.

"वॉर्डनबाई, तुमचं मोजून झालं असेल तर मी जेवायला जाऊ का?" शेरिफ ग्रॅडी पेल दाराला टेकून उभा होता. "मेलेला माणूस वाढत नाही. उद्याही तेवढाच भरेल."

"हे कशाचं आहे?"

"पँट घट्ट असेल."

"पँट अशी एका रेषेत रुतत नाही."

डॉक्टरांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले. "दोरी आहे ती. रक्त थांबवायला आवळून बांधलेली. बाणाच्या पात्याने शीर कापली गेली, मोठी धमनी वाचली. दोरी बारीक असल्यामुळे रक्त पुरतं थांबलं नाही, नुसतं सावकाश झालं. तासभर जगला असेल. फार तर दोन."

"मग त्यानेच बांधली असेल," पेल म्हणाला.

"आणि दोरी कुठे गेली?"

"कोल्ह्याने नेली."

लेटाने पट्टी खिशात ठेवली. माणसाचा मृत्यू हे पेलचं खातं होतं. तिच्याकडे जनावरं, परवाने आणि हंगामाच्या तारखा. पण प्रेत सापडलं ते राखीव रानात, एका फाडलेल्या एल्क हरणापासून तीस पावलांवर, म्हणून तिलाही बोलावलं होतं.

मृताचं नाव रोलंड केम्पर. वय बावन्न, ओहायोत चष्म्यांचं दुकान. मेव्हण्याबरोबर कॅम्पर गाडी घेऊन निघालेला, वाटेत गावोगावच्या धनुर्विद्येच्या क्लबांत नेम धरत आलेला. कागदावरची वर्तुळं आणि फोमचे प्राणी यांच्यापलीकडे त्याने आयुष्यात कशावर बाण सोडला नव्हता. वायोमिंगमध्ये येऊन त्याने एल्कचा परवाना काढला, धनुष्याचा वेगळा परवाना काढला आणि शनिवारी सकाळी कॉर्बिन कड्यावर मेला.

"सरळ आहे," पेल बोटं मोडत म्हणाला. "एकट्याने एल्क मारला, फाडला, टांगला, परवान्याचा टॅग लावला. परत निघाला, घसरला, आपल्याच बाणावर पडला. खिशात दोन्ही परवाने आहेत, सोबतीचं कार्ड नाही. म्हणजे परराज्यातला माणूस राखीव रानात शिकारीला एकटाच शिरला. तेही बेकायदा. देवाने दंड जरा जास्तच लावला, एवढंच."

सोबतीचं कार्ड म्हणजे वीतभर लांबीचाही नसलेला एक कागद. परराज्यातल्या शिकाऱ्याला त्या रानात एक तर धंद्याचा वाटाड्या लागतो, नाही तर इथला कोणी रहिवासी. रहिवाशाने त्याबद्दल काही घ्यायचं नाही, आणि वर्षाला दोघांपेक्षा जास्त माणसं न्यायची नाहीत. कार्ड फुकट मिळतं. या खोऱ्यात त्यावर सही लेटाची असते.

ती ट्रकमध्ये येऊन बसली, आसनाखालचं कार्बनप्रतींचं बाड काढलं. ऑगस्टच्या एका सकाळी कचेरीबाहेरच्या पेटीत साठलेली चौदा कार्डं तिने ट्रकच्या बॉनेटवर ठेवून, इंजिन चालू ठेवून, एका दमात सही करून टाकली होती. नावं वाचली नव्हती. कोण वाचतो?

त्या चौदांतली नववी प्रत रोलंड केम्परची होती.

सोबतीचा रहिवासी: थर्मन एक्ली.

थर्मन एक्ली एक्याऐंशी वर्षांचा होता. मार्चपासून वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेला. त्याला कूस बदलायलाही दोन माणसं लागत. खाली, कार्बनच्या निळ्या रेघेत, लेटाची सही.

तिने बाड मिटलं. मृताची प्रत कोणीतरी त्याच्या खिशातून काढून नेली होती. तेव्हा हा कागद जगात आता एकच होता. तो पेलपुढे ठेवला तर न वाचता सरकारी दाखला दिल्याबद्दल बिल्ला जाणार, एकोणीस वर्षांची नोकरी जाणार, सरकारी घरही जाणार. नाही ठेवला तर रोलंड केम्पर एकटाच मेला.

पेल खानावळीकडे निघाला होता. जाताना त्याने हात हलवला. लेटानेही हलवला.

२

प्रेत सापडलं ते ब्रॅनॉक रीसला. रीस हा खोऱ्यातला धंद्याचा वाटाड्या. बावीस घोडी, सहा तंबू आणि कायम वर चढलेला आवाज. मंगळवारी सकाळी तो लेटाला कड्यावर घेऊन गेला.

"निळी पँट घालून शिकारीला आला होता बेटा," रीस घोड्यावरून मागे वळून म्हणाला. "निळी! लग्नाला निघाल्यासारखी."

"तू त्याच्यावर धनुष्यबाणांच्या दुकानात ओरडला होतास म्हणे."

"ओरडलो. अजूनही ओरडेन. सगळ्या फुकट्यांवर ओरडतो मी. मी विमा भरतो, घोड्यांना चारा घालतो, परीक्षा देऊन वाटाड्याचा परवाना घेतो. आणि हे येणार, कोणा म्हाताऱ्याला गोड बोलून फुकटचं कार्ड काढणार. पण लेटा, ओरडणं वेगळं. मी त्याला मारायचं ठरवलं असतं तर तुझ्या हद्दीत मारलं नसतं. तू फार प्रश्न विचारतेस."

"शनिवारी कुठे होतास?"

"तंबूत. टेक्ससचे चार जाडे पाहुणे होते, विचार त्यांना. नऊपर्यंत घोरत होते, आणि मी त्यांच्यासाठी पॅनकेक भाजत होतो."

एल्कचा सांगाडा मोकळ्यावर होता. मांस देवदाराच्या उत्तरेकडच्या फांद्यांवर टांगलेलं. एक पुढचा फरा अस्वलाने ओढून नेला होता. तीन उरले होते. सप्टेंबर असूनही वर गारठा होता, मांस बाहेरून सुकून काळसर झालं होतं.

लेटा खाली उभी राहून नुसती पाहत राहिली. सांध्यातून सुरी फिरवलेली, हाडाला कुठे ओरखडा नाही. डाव्या मागच्या फऱ्याला नर असल्याची खूण म्हणून एक वृषण कातडीसकट तसंच ठेवलेलं, नियमाप्रमाणे. आणि त्याच फऱ्याला, खुणेपासून वीतभर अंतरावर, टॅग बांधलेला. त्यावरचा शिकारीचा दिवस आणि महिना नीट कापून काढलेला. तिने स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं.

"हे चष्मेवाल्याचं काम?" रीस थुंकला. "माझी पोरं दहा वर्षं करताहेत, तरी त्यांना असं जमत नाही."

"पेल म्हणतो, हल्ली फोनवर बघून शिकतात."

"फोनवर बघून माणूस हाडं तोडायला शिकतो. सांधा शोधायला हाताला सवय लागते."

फरे बारीक नायलॉनच्या दोरीने बांधले होते. लेटाने पट्टी लावली. चार मिलिमीटर. हे काही विशेष नव्हतं; ही दोरी खोऱ्यातल्या प्रत्येक पिशवीत असते. पण दोन दोऱ्या लांब होत्या आणि तिसरी आखूड, सुमारे एक मीटर, दोन्ही टोकं कापलेली. तिने ती सोडवून भिंगाखाली धरली.

वर चरबीचा पिवळट थर आणि एल्कचं रक्त. त्याच्या खाली, दोरीच्या पिळात, जुना गडद डाग. त्या डागात रुतून बसलेला एक धागा. निळा.

"काय दिसतंय?" रीस वाकला.

लेटाने दोरी कागदी पाकिटात घातली, तारीख घातली, सही केली. ही दोरी आधी माणसाच्या पायाला होती, मग मांसाला. रक्त वाहत असलेला माणूस आपल्या पायाची दोरी सोडून फरा टांगत नाही.

ती कोणीतरी सोडली होती.

३

कॅम्पर गाडी क्लबच्या मैदानाशेजारी उभी होती. डेनिस पाव्हलिक, मृताच्या बायकोचा भाऊ, पायरीवर बसून डब्यातले थंड बीन्स खात होता. बेचाळिशीचा, मऊ हातांचा माणूस. बुधवारी दुपारी लेटा त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसली.

"तुम्ही का नाही गेलात?"

"माझ्याकडे परवाना नाही. महाग आहे हो. रोलंडला म्हटलं, फोमच्या हरणाला परवाना लागत नाही, ते पळतही नाही आणि रक्तही येत नाही. मी बापडा इथेच बरा." तो हसायला गेला आणि चमचा हातातच राहिला. "मला रक्त बघवत नाही. बहिणीच्या बाळंतपणात दारातच चक्कर आली होती, तिने अजून सोडलेलं नाही ते."

"शनिवारी दिवसभर मैदानावर?"

"दिवसभर. एकटाच. नवव्या निशाणामागे बाण हरवला, तो शोधण्यात एक तास गेला."

"रोलंड एकटे गेले?"

"छे! एकटा कसा जाईल? तो सिग्नलला मोकळ्या रस्त्यावर थांबणारा माणूस. सगळी कागदपत्रं केली होती. इथलाच कोणीतरी होता. पहाटे गाडी आली, मी झोपेत फक्त दिवे पाहिले."

"नाव?"

"नाही सांगितलं. म्हणाला, त्या माणसाने या वर्षी आधीच बऱ्याच जणांना मदत केली आहे, उगाच त्याला त्रास नको. मी चिडवलंसुद्धा, गुपचूप बाई बिई भेटायला चाललास की काय." त्याने डबा खाली ठेवला. "कार्ड होतं त्याच्याकडे. मला दाखवलं होतं. खाली सही होती."

"कोणाची?" लेटाने विचारलं, आणि आपण हे का विचारलं ते तिलाच कळेना.

"नीट दिसली नाही. निळी शाई होती."

संध्याकाळी तिने पेलला पाकीट दिलं आणि दोरीचं सांगितलं. धागा, खालचा डाग, वरची चरबी, कोणता थर आधीचा. पेलने पहिल्यांदाच नीट ऐकलं. बाडाबद्दल ती काही बोलली नाही. बोलायचं ठरवून आली होती. वाक्य जुळवलंही होतं. पेलने मधेच विचारलं, "म्हणजे बरोबर कोणीतरी होतं?" आणि ती नुसतं "हो" म्हणाली.

"मग झालं की. बरोबर कोण होतं? मेव्हणा. परवाना नाही, म्हणून लपवतोय. म्हणे रोलंडकडे कार्ड होतं! कुठे आहे कार्ड? खिशात नाही, गाडीत नाही. कार्डाची गोष्ट त्याने रचली."

"ग्रॅडी, तो माणूस कोंबडीसुद्धा—"

"तुझ्याकडे त्या कार्डाची नोंद आहे का? नाही ना? असती तर सोमवारीच बोलली असतीस."

त्याने टोपी घातली. अर्ध्या तासात डेनिस पाव्हलिक कोठडीत होता.

४

गुरुवारी सकाळी मृताच्या बायकोचा फोन आला. बाईंचा आवाज कोरडा होता, रडून झालेल्या माणसाचा.

"तुम्ही शिकारीच्या अधिकारी ना? मग मला एवढंच समजावून सांगा. माझ्या नवऱ्याला भाजलेली कोंबडी कापता येत नव्हती. दर नाताळला मी कापायचे. माझा भाऊ रक्त बघून पडतो. मग ते एवढं मोठं जनावर कापलं कोणी?"

"मी शोधतेय, बाई."

"शेरिफ म्हणतात, डेनिसने माझ्या नवऱ्याला मरू दिलं. मला एकच नवरा होता आणि एकच भाऊ आहे. तुम्ही शोधताय म्हणता, तर जरा लवकर शोधा."

लेटा फोन ठेवून हार्लन ओडेलच्या धनुष्यबाणांच्या दुकानात गेली. काही अडलं की ती तिथेच जायची, बाराव्या वर्षापासून. आई गेल्यानंतर तीन वर्षं ती दुकानामागच्या खोलीत हार्लन आणि त्याच्या बायकोकडे राहिली होती. सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. तीस वर्षं तो धनुष्याच्या शिकारीचा सरकारी वर्ग घेत होता, दुकानातल्या एका खिडकीतून सरकारी परवानेही देत होता. खोऱ्यात असा शिकारी नव्हता ज्याचं प्रमाणपत्र त्याने दिलं नव्हतं. तिचंही.

"ये पोरी. तोंड का असं वाळलंय? जेवलीस का?"

"मास्तर, मी एक मूर्खपणा केलाय."

तिने त्याला सगळं सांगितलं. बाड, नववी प्रत, थर्मनचं नाव, न वाचता केलेली सही. हे ऐकणारा तो पहिला माणूस. हार्लन बाणाला पिसं चिकटवत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"कोणाला दाखवलंस?"

"कोणालाच नाही."

"दाखवू नकोस." त्याने पीस अंगठ्याने दाबून धरलं. "थर्मन आठ वर्षं रीसकडे घोड्यांवर खोगीर घालायचा. त्याचा जन्मदिवस, परवान्याचा आकडा, सगळं रीसच्या वहीत असणार. त्याने काही केलं असेल तर ते सापडेल आपोआप. तुझं नाव मधे कशाला? कागद चुलीत घाल. मी कोणाशी बोलणार नाही."

"आणि डेनिस?"

"पुराव्याशिवाय किती दिवस ठेवतील? सुटेल."

तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की ट्रकपर्यंत जाताना ती कागद कुठे जाळायचा याचा विचार करत होती. ट्रकमध्ये बसल्यावर मात्र तिने सवयीने वही काढली. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाईंनी लावलेली सवय: जे बरं वाटतंय ते आधी तपासायचं.

रीसला थर्मनचं नाव कशाला हवं?

रीसकडे वाटाड्याचा परवाना होता. तो कोणालाही, कितीही वेळा, उघडपणे रानात नेऊ शकत होता. त्याला सोबतीचं कार्डच लागत नव्हतं, मग खोटं कार्ड कशाला? डेनिस तर परराज्यातला. थर्मनचं नाव, जन्मदिवस, परवान्याचा आकडा त्याला कुठून मिळणार? खोटं नाव फक्त अशा माणसाला लागतं जो इथला रहिवासी आहे, वाटाड्या नाही, आणि स्वतःच्या नावावर कार्ड काढू शकत नाही. परवाना रद्द झालेले खोऱ्यात दोघे होते. एक अलास्कात होता, दुसरा तुरुंगात.

उरला तो, ज्याची वर्षाची दोन कार्डं संपली आहेत.

तिने बाड पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. या वेळी प्रत्येक नाव. एक्केचाळीस प्रती. बहुतेक नावं एकदाच. एकदाच असलेल्याला खोट्या नावाची गरज नव्हती, त्याचं दुसरं कार्ड बाकी होतं. दोनदा आलेलं नाव एकच होतं. जुलैची सहा तारीख आणि जुलैची एकोणीस.

हार्लन ओडेल.

तिने तीनदा मोजलं. मग तिला तो टॅग आठवला. टॅग खुणेच्याच फऱ्याला बांधावा असं कायद्यात कुठेही नाही. कुठल्याही तुकड्याला चालतो. ते मास्तरांचं स्वतःचं होतं. वर्गात ते फळ्यावर हात आपटून सांगायचे, वॉर्डन थंडीत उभा असतो रे गाढवांनो, त्याला दोनदा शोधायला लावू नका.

ती बाराव्या वर्षी ते शिकली होती आणि कड्यावर उभी राहून तिला ते इतकं ओळखीचं वाटलं होतं, की ते तिला दिसलंच नव्हतं.

५

शुक्रवारी दुपारी हार्लन क्लबच्या मैदानावर फोमच्या प्राण्यांतून बाण उपटत होता. उन्हात सेजब्रशच्या झुडपांचा कडू वास सुटला होता. लेटाने ट्रक जवळ आणला, दार उघडंच ठेवलं.

"मंगळवारी येशील असं वाटलं होतं," तो न वळता म्हणाला. "टॅग बघितलास की."

"मी बघितला. मला कळलं नाही."

"हात आपोआप चालले गं. बांधून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पुन्हा सोडवावासा वाटला नाही. चुकीचा बांधायचा म्हटलं तर मला ते जमलंही नसतं."

तो फोमच्या अस्वलाच्या पाठीवर टेकून बसला. अडुसष्ट वर्षांचा माणूस एकदम ऐंशीचा दिसला.

"एल्क कोणी मारला?"

"मी. तीस पावलांवर उभा होता. रोलंडने धनुष्याची दोरी ओढली आणि तसाच थिजला. बाण सुटेना. मी त्याच्या खांद्यावरून सोडला. तो चिडला नाही, उलट हसला. म्हणाला, सुटलो. पण माझा टॅग त्याला लावणार नाही, मास्तर, तो माझा नाही." हार्लनने हातातल्या बाणांची टोकं चाचपली. "भला माणूस. दुकानात आला त्या दिवशी त्याने माझे डोळे तपासले, नुसते उभ्याउभ्या. म्हणाला, डाव्यात मोतीबिंदू आहे, मी तुम्हाला ओहायोहून चष्मा पाठवीन."

"मग?"

"रक्ताच्या मागावर उतरत होतो. दुसरा बाण लावलेला होता माझा. तीस वर्षं वर्गात सांगतो, बाण लावून उतारावरून चालू नका. चाललो. पाय घसरला, त्याच्यावरच गेलो."

"दोरी तुम्ही बांधलीत."

"मीच."

"आणि यंत्र? तुमच्या पिशवीला ते लाल बटणाचं यंत्र कायम असतं. दाबलं की तासाभरात हेलिकॉप्टर येतं. तो तेवढा जगला, मास्तर. डॉक्टर म्हणाले."

हार्लनने बाण मांडीवर आडवे ठेवले. लांब रस्त्यावरून एक ट्रेलर गेला.

"दाबलं म्हणून सांगितलं त्याला," तो म्हणाला. "तो आभार मानत होता. हेलिकॉप्टर आलं की पहिल्यांदा कागद मागतात. कार्डावर थर्मन. माझा वर्ग गेला असता, दुकानातली परवान्यांची खिडकी गेली असती. मला वाटलं रक्त थांबेल, मी त्याला हळूहळू खाली नेईन, कोणाला काही सांगायला नको. तो विचारायचा, किती वेळ? मी म्हणायचो, चाळीस मिनिटं. मग पुन्हा विचारायचा. मी पुन्हा चाळीसच म्हणायचो."

"तो जिवंत असताना तुम्ही एल्क फाडत होतात?"

"ऊन चढत होतं. मांस गेलं असतं."

लेटाने ट्रकच्या दाराची कड धरली. तिला आठवत होतं, हेच हात तिला पहिल्यांदा सांधा शोधायला शिकवत होते, तिच्या बोटांवर बोटं ठेवून.

"ती दोरी का वापरलीत?"

"एक दोरी कमी पडली."

तो उठला, जवळ आला. "ऐक पोरी. बाण मी त्याचा ठेवला तिथे, टॅगही त्याचाच लावला, त्याचं कार्ड जाळलं. तुझ्याकडे एक कागद आहे, बस. तो गेला की दोरीवर काय आहे? त्याचं रक्त आणि एल्कचं. डेनिसवर काहीही टिकणार नाही, महिन्या-दोन महिन्यांत घरी जाईल. मी यापुढे रानात पाऊल टाकणार नाही, शपथ. आणि तू वॉर्डन राहशील. एकोणीस वर्षं लेटा! तुझ्याइतका चांगला वॉर्डन या खोऱ्याला मिळाला नाही, आणि तुला मी घडवलंय. एका न वाचलेल्या सहीसाठी सगळं सोडणार? कोणासाठी? दोन महिन्यांनी जो माणूस सुटणारच आहे त्याच्यासाठी?"

"त्याची बहीण फोन करतेय."

"कर म्हणावं. थांबेल."

हे त्याने अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात सांगितलं. रोलंडला चाळीस मिनिटं सांगितली तीही याच सुरात असतील. लेटाला सोमवारपासूनचे आपले पाच दिवस आठवले: ट्रकमध्ये मिटलेलं बाड, पेलला म्हटलेलं नुसतं "हो", कोठडीत गेलेला मऊ हातांचा माणूस. तिनेही कोणाला तरी थांबवूनच ठेवलं होतं.

ती ट्रकमध्ये अर्धी वाकली आणि रेडिओचा माइक काढला.

"फोन कर," हार्लन घाईने म्हणाला. "लेटा, फोन कर. रेडिओ सगळं खोरं ऐकतं. रीसच्या तंबूत लागलेला असतो, खानावळीत असतो, वृद्धाश्रमात असतो. निदान तेवढं तरी—"

तिने बटण दाबलं.

"ग्रॅडी, लेटा बोलतेय. क्लबच्या मैदानावर आहे. ऐकतोयस?"

खरखर झाली. "ऐकतोय. काय गं, अस्वल?"

"डेनिस पाव्हलिकला सोड. शनिवारी कड्यावर रोलंड केम्परबरोबर हार्लन ओडेल होता. तो इथे माझ्यासमोर उभा आहे आणि कुठे जाणार नाही."

मग पेलचा आवाज आला, बदललेला. "लेटा, मास्तर? काय बोलतेयस तू? कशावरून?"

हार्लनने बाण एकेक करून गवतावर ठेवले. तिच्याकडे पाहिलं नाही.

"रोलंडकडे सोबतीचं कार्ड होतं," लेटा म्हणाली. "खोट्या नावाचं. त्याची प्रत माझ्याकडे आहे, सोमवारपासून. मी लपवली. सही माझी आहे, न वाचता केलेली. तू मला आता वॉर्डन म्हणून लिहू नकोस, ग्रॅडी. साक्षीदार म्हणून लिही."